हवा, राख आणि हिवाळा

लाकडी पेलेटवर चालणारी फर्नेस बंद पडली की घरमालकाचा पहिला संशय इग्नायटरवर जातो आणि दुसरा कंट्रोल बोर्डवर. दोन्ही भाग महाग, दोन्ही बदलायला सोपे, आणि बहुतेक वेळा दोन्ही निर्दोष. अमेरिकेच्या ईशान्य टोकाला, मेन राज्यात, अशा फर्नेस आणि बॉयलर साफ करण्यात आणि दुरुस्त करण्यात माझी बरीच वर्षं गेली. त्या वर्षांनी मला शिकवलं ते हे, की आग क्वचितच बिघडते. तिच्याकडे जाणारी किंवा तिच्यापासून निघणारी हवा कुठेतरी अडते, आणि आपण आगीला दोष देत बसतो. हे यंत्राच्या माहितीपुस्तकातही लिहिलेलं असतं. पण ते हातात उतरायला काही घरं, काही माणसं आणि बरीच राख लागली.

मी मूळचा कोल्हापूर जिल्ह्यातला. साखर कारखान्याच्या बॉयलर हाउसमध्ये नोकरीला होतो. गळीत हंगाम सुरू झाला की रस काढून उरलेला उसाचा बगॅस पट्ट्यावरून बॉयलरकडे येई. त्यात वजनाने जवळजवळ निम्मं पाणी. असलं जळण पेटतं ठेवायचं म्हणजे सगळी कसरत हवेची : किती सोडायची, कुठून सोडायची, कधी आवरती घ्यायची. जुने फायरमन मीटरकडे नंतर बघत, आधी बाहेर जाऊन चिमणीचा धूर बघून येत. पुढे पत्नीला मेनमधल्या एका रुग्णालयात नोकरी लागली आणि आम्ही इकडे आलो. उणे २० अंश सेल्सिअसच्या रात्री एकापाठोपाठ एक अनुभवल्यावर कळलं, की उष्णतेचं काम जाणणाऱ्या माणसाला इथे रिकामं बसावं लागणार नाही.

मेनची सुमारे ९० टक्के जमीन जंगलाखाली आहे, तरीही इथली सुमारे निम्मी घरं तेलावर तापतात. तळघरात तेलाची टाकी, तिच्या शेजारी बॉयलर, आणि हिवाळाभर फेऱ्या मारणारा टँकर. २००८ च्या उन्हाळ्यात कच्चं तेल पिंपाला १४० डॉलरच्या पुढे गेलं, तेव्हा लोकांनी दाराबाहेरच्या झाडांकडे पुन्हा पाहिलं. लाकूड जाळणं इथे नवं नव्हतं. पण ओंडके फोडणं, रचणं आणि रात्री उठून चुलाणात सारणं उतारवयात झेपत नाही. पेलेट हा त्यावरचा तोडगा. भुसा वाळवायचा आणि पोलादी साच्याच्या भोकांतून प्रचंड दाबाने बाहेर काढायचा. दाबाने तो तापतो, लाकडातलं लिग्निन मऊ होतं आणि थंड झाल्यावर तेच भुशाला घट्ट धरून ठेवतं. गोंद लागत नाही. पाव इंच जाडीच्या या कांड्यांत पाणी १० टक्क्यांच्या आत असतं. बगॅसवर हात पोळलेल्या माझ्यासारख्याला असं कोरडं, एकसारखं जळण म्हणजे चैनच वाटली. अथेन्स, स्ट्राँग, कॉरिंथ, अ‍ॅशलंड अशा लहान गावांत पेलेटच्या गिरण्या उभ्या राहिल्या. ४० पौंडांची पिशवी, अशा ५० पिशव्यांचा एक टन, आणि त्या एका टनात साधारण १२० गॅलन तेलाइतकी उष्णता.

यंत्र तसं साधं आहे. वर पेलेट भरायचा हॉपर. त्याच्या तळातून ऑगर, म्हणजे फिरणारा स्क्रू, थोडे थोडे पेलेट बर्नपॉटमध्ये टाकतो. इग्नायटर लालबुंद होऊन त्यांना पेटवतो आणि ज्वाळेने धरलं की त्याचं काम संपतं. एक पंखा धूर बाहेर ओढतो, आणि त्याच ओढीने ताजी हवा बर्नपॉटच्या भोकांतून वर येते. दुसरा पंखा घरातली हवा तापलेल्या नळ्यांवरून फिरवून खोल्याखोल्यांत पोचवतो. बॉयलर असेल तर हवेच्या जागी पाणी. आत पुरेशी ओढ आहे का, यावर एक व्हॅक्यूम स्विच लक्ष ठेवतो. ओढ मंदावली की तो ऑगर थांबवतो आणि आग विझते. माझी आजी भुशाची शेगडी भरायची तेव्हा मधोमध बाटली उभी धरून भोवती भुसा ठेचायची, मग बाटली अलगद वर काढायची. उरलेलं भोक धड असेल तर शेगडी तासन्‌तास निळसर जळायची, भोक ढासळलं की घरभर धूर. त्या भोकाचं काम इथे पंखा आणि स्विच करतात.

सुरुवातीच्या काळात पेनॉब्स्कॉट नदीकाठच्या एका गावात एका निवृत्त गृहस्थांकडे जाणं झालं. त्यांचं सगळं आयुष्य कागद गिरणीच्या बॉयलरवर गेलेलं. त्या भागातल्या कागद गिरण्या एकामागून एक बंद पडत गेल्या. मिलिनॉकेटची २००८ मध्ये, बक्सपोर्टची २०१४ मध्ये. गिरणीबरोबर नोकऱ्या गेल्या, आणि आणखी एक गोष्ट गेली जिची चर्चा कमी होते. बारीक, वाकड्या, फर्निचरला न चालणाऱ्या लाकडाचं गिऱ्हाईक गेलं. जंगल विरळ करताना निघणारं असलं लाकूड घ्यायला कोणी उरलं नाही. पेलेटच्या गिरण्यांनी त्यातला काही भाग उचलला, पण थोडाच. हे सगळं त्यांनी मला तळघरात उभं राहून, अजिबात आवाज न चढवता सांगितलं.

मी धुराचं विश्लेषण करणारं यंत्र पेटीतून काढत होतो, तेवढ्यात त्यांनी राखेच्या खणातून चिमूटभर राख घेतली, अंगठ्याने बोटांवर चोळली आणि पांढऱ्या कागदावर पसरली. म्हणाले, "हवा कमी पडतेय. फार नाही, थोडी." माझ्या यंत्राने पाच मिनिटांनी तेच सांगितलं. मग त्यांनी फळीवरच्या काचेच्या बरण्या दाखवल्या. प्रत्येकीत वेगळ्या खेपेच्या पेलेटची राख, वर तारीख आणि गिरणीचं नाव. एकीत फिकी करडी, पिठासारखी मऊ राख. दुसरीत काळपट, खरखरीत. म्हणजे पेलेट अर्धवट जळलेले. तिसरीत काचेसारखे कडक खडे. लाकडाबरोबर साल आणि माती आली की तिच्यातली वाळू बर्नपॉटच्या उष्णतेत वितळते, थिजते आणि हवेची भोकं बुजवून टाकते. इथे त्या खड्यांना क्लिंकर म्हणतात. कारखान्यात बॉयलरच्या जाळीवरून आम्ही पहारीने असलेच खडे फोडायचो, फक्त ते माणसाच्या डोक्याएवढे असत.

त्या दिवसापासून मी कुठेही गेलो की आधी राख बघतो. प्रीमियम दर्जाच्या पेलेटमध्ये राख एक टक्क्याच्या आत असावी लागते. चांगल्या पेलेटमध्ये ती अर्धा टक्काच असते, म्हणजे एका टनामागे साडेचार किलोच्या आसपास. पिशव्या तेवढ्याच जाळून खण दुप्पट वेगाने भरू लागला, तर यंत्र उघडायच्या आधी पिशवीवरचा शिक्का वाचावा. एकाच नावाच्या पिशवीतला मालही खेपेखेपेला बदलतो. आणखी एक समज इथे खोलवर रुजलेला आहे, की पाइन, स्प्रूससारख्या मऊ लाकडाने चिमणीत डांबर साचतं. ओल्या ओंडक्यांच्या बाबतीत अशी भीती बाळगणं बरोबर आहे. पेलेटमध्ये ओल फारच कमी असते, त्यामुळे मऊ लाकडाचे पेलेट उलट जास्त तापतात आणि राखही कमी टाकतात. पण आजोबांपासून चालत आलेली भीती आकड्यांनी जात नाही. मी अशा लोकांना दोन पिशव्या आणून देतो आणि दोन्हीची राख शेजारी शेजारी ठेवायला सांगतो.

एका निवृत्त शिक्षिकेच्या घराने मला यंत्राच्या बाहेर बघायला शिकवलं. बाई एकट्याच राहत. फर्नेस नियमित साफ करत, दर शनिवारी बर्नपॉट खरवडत, दाराची काच पुसत. तरीही संध्याकाळी फर्नेस अधूनमधून आपोआप बंद पडायची. आधी आलेल्या कारागिरांनी इग्नायटर बदलला होता, मग व्हॅक्यूम स्विच, मग पंख्याची मोटर. प्रत्येक वेळी काही दिवस बरे गेले आणि पुन्हा तेच. मी दाराचं गॅस्केट तपासलं. दारात डॉलरची नोट धरून दार लावायचं आणि नोट ओढायची. सहज निघाली तर गॅस्केट गेलं. नोट घट्ट बसली होती. स्विचची रबरी नळी मोकळी, धुराचा नळ स्वच्छ, ज्वाळा आखूड आणि पिवळीधमक. कुठेही दोष नाही.

बाईंकडे एक वही होती. रोजचं बाहेरचं तापमान, किती पिशव्या घातल्या, फर्नेस कधी थांबली, सगळं वळणदार अक्षरात. मी विचारलं, "ती थांबते तेव्हा तुम्ही काय करत असता?" त्या जरा थांबून म्हणाल्या, "स्वयंपाक. आणि मंगळवारी, शुक्रवारी कपडे." वहीत पाहिलं तर बहुतेक नोंदी संध्याकाळच्या, आणि मंगळवार-शुक्रवारच्या जास्त. आदल्या वर्षी त्यांनी घराच्या खिडक्या बदलून घेतल्या होत्या, भिंतींत इन्सुलेशन भरलं होतं, फटी बुजवल्या होत्या. घर घट्ट झालं होतं. त्यात स्वयंपाकघरातला धुराचा पंखा आणि कपडे वाळवायचं यंत्र एकदम चालू झालं, की दोघं मिळून घरातली हवा बाहेर फेकत आणि फर्नेसला ओढायला हवा उरत नसे. स्विच आपलं काम चोख करत होता. भिंतीतून बाहेरच्या हवेचा एक स्वतंत्र नळ थेट फर्नेसला जोडला आणि ती तक्रार संपली. ज्या वहीने उत्तर दिलं ती आधीच्या कोणी मागितली नव्हती, आणि बाईंनीही आपणहून दाखवली नव्हती. कारागिराला आपलं बोलणं बायकी बडबड वाटतं असा त्यांचा अनुभव होता. मला ते फार लागलं. यंत्राशेजारी चोवीस तास राहणाऱ्या माणसाचे कान माझ्या कुठल्याही मीटरपेक्षा आधी जागे होतात. ऑगरचा बदललेला सूर, पंख्याची बारीक घरघर, काचेवर नेहमीपेक्षा लवकर चढलेली काजळी. हे सगळं त्याला माहीत असतं, फक्त ते महत्त्वाचं आहे हे कोणी सांगितलेलं नसतं.

एक प्रसंग मात्र मी प्रत्येक नव्या ग्राहकाला सांगतो. उन्हाळ्याच्या शेवटी एका शेतघराच्या तळघरातल्या कोठीत ट्रकमधून कित्येक टन पेलेट पाइपने भरले गेले. त्या रात्री कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म वाजला. मुलीचं डोकं दुखत होतं. अग्निशमन दलाने घर रिकामं केलं, दारं-खिडक्या उघडल्या आणि फर्नेस तपासून घ्या असं सांगितलं. घरातल्यांनीही तोच धसका घेतला. पण फर्नेस मे महिन्यापासून बंद होती. जी पेटलेलीच नाही तिच्यातून विषारी वायू येणार कसा? मी मीटर घेऊन कोठीच्या झाकणाजवळ गेलो, तर आकडा झपाट्याने चढू लागला.

वायू पेलेटमधूनच येत होता. ताज्या पेलेटमध्ये लाकडातल्या मेदाम्लांचं हवेशी हळूहळू ऑक्सिडीकरण होतं आणि त्यातून कार्बन मोनॉक्साइड सुटतो. पहिले काही आठवडे तो जास्त सुटतो, उकाड्यात आणखी जास्त. २००६ मध्ये स्वीडनच्या हेल्सिंगबोर्ग बंदरात पेलेट घेऊन आलेल्या जहाजावरचा एक खलाशी यानेच गेला. युरोपात घरगुती कोठ्यांतही माणसं दगावली आहेत. न्यूयॉर्क राज्यातल्या क्लार्कसन विद्यापीठात या वायूवर संशोधन झालं आहे. आग नाही, धूर नाही, वास असलाच तर वार्निशसारखा किंचित, आणि हा वायू स्वतः तर अजिबात वास नसलेला. आम्ही त्या कोठीला थेट घराबाहेर उघडणारे झरोके केले, तळघराच्या बाजूची प्रत्येक फट बंद केली, जवळ अलार्म लावला. मोठी कोठी असलेल्या घरात मी बजावून सांगतो : आत उतरायचं नाही, पेलेट अडकले तरी बाहेरून लांब काठीने पाडायचे, आणि नवा माल आल्यावर मुलांना तळघरात खेळू द्यायचं नाही. विकणारे हे सांगत नाहीत. "बटण दाबा आणि विसरा" अशी जाहिरात करून विकलेल्या यंत्राबरोबर सावधगिरीचा कागद द्यायला त्यांना जड जातं. माझ्या मते ती जाहिरातच धोकादायक आहे.

विजेचं प्रकरणही असंच. ओंडक्याच्या स्टोव्हला वीज लागत नाही, पेलेटला लागते. जानेवारी १९९८ च्या बर्फाच्या वादळात तारांवर बर्फ चढून मेनची निम्म्याहून जास्त माणसं अंधारात गेली, काहींकडे दोन आठवड्यांहून अधिक काळ वीज नव्हती. ज्यांनी ते दिवस काढले ते पेलेटबद्दल पहिला प्रश्न हाच विचारतात, आणि तो रास्त आहे. वीज गेली की धूर ओढणारा पंखा थांबतो, पण बर्नपॉटमधले पेलेट जळतच असतात. धुराचा नळ भिंतीतून नुसता आडवा बाहेर काढलेला असेल, तर धूर घरात परततो. तोच नळ बाहेर काही फूट उभा नेला तर गरम धूर स्वतःच्या ओढीने वर जातो. मी दोन गोष्टींवर अडून बसतो : नळ उभा हवा, आणि पंख्यापुरती तरी बॅटरी हवी. वर घरात कुठेतरी एक साधा लाकडी स्टोव्ह असेल तर तो काढू नका, असंही सांगतो. पेलेटचं काम करणाऱ्याने असं सांगणं माझ्या एका जुन्या मालकाला रुचलं नव्हतं.

बाकीचे बिघाड ठरलेले. गळक्या कोठारात ठेवलेल्या पिशव्या भिजतात, पेलेट फुगून पुन्हा भुसा होतात, तो भुसा ऑगरमध्ये जाऊन वाळतो आणि दगड होतो. छिन्नीने तासावा लागतो. पेलेट लांब असले की हॉपरमध्ये एकमेकांवर अडकून कमान धरतात, वरून हॉपर भरलेला दिसतो आणि ऑगर रिकामा फिरत राहतो. राख साध्या व्हॅक्यूम क्लीनरने ओढू नये, आत लपलेला निखारा त्याची पिशवी पेटवतो. राखेत निखारे दिवसेंदिवस जिवंत राहतात, म्हणून झाकणाची लोखंडी बादली, आणि ती लाकडी ओसरीवर नाही, घरापासून लांब, उघड्या जमिनीवर.

अलीकडे मेनमध्ये हीट पंपाची लाट आहे. एक लाख हीट पंप बसवायचं राज्याचं उद्दिष्ट ठरल्या मुदतीच्या दोन वर्षं आधी, २०२३ मध्येच पुरं झालं. ही चांगली गोष्ट आहे असं मी मनापासून मानतो. माझ्या बऱ्याच ग्राहकांकडे आता दोन्ही आहेत : शरद आणि वसंतात हीट पंप, कडाक्याच्या थंडीत पेलेट. २०२२ च्या वसंतात तेल गॅलनला पाच डॉलरच्या वर गेलं, तेव्हा ज्यांच्याकडे तळघरात पेलेटचे ढीग होते ती घरं निश्चिंत होती. पण दोन साधनं आली की जुन्याची देखभाल मागे पडते, आणि महिनोन्‌महिने न पेटवलेली फर्नेस रोज पेटणाऱ्या फर्नेसपेक्षा लवकर खराब होते.

म्हणून माझा हट्ट मे महिन्याचा असतो. सगळे फोन ऑक्टोबरात येतात, पहिल्या गारठ्याच्या सकाळी, आणि तेव्हा प्रत्येकाला आजच यायला हवं असतं. राख उन्हाळाभर आत राहिली तर हवेतली ओल शोषून घेते आणि तो क्षार पोलाद खात बसतो. ज्या नळ्या पंधरा वर्षं टिकायच्या त्या सातव्या-आठव्या वर्षी चाळण होतात. मेमध्ये हॉपर रिकामा करावा, कारण दमट पेलेट फुगतात. ऑगर काढून तळातला चुरा झाडावा. उष्णतेच्या नळ्या ब्रशने घासाव्यात, त्यांच्या मागचे कप्पे उघडावेत. तिथे राख किती साचते ते पाहून प्रत्येक घरमालक चकित होतो. इथे लोक पाचोळा ओढायचं यंत्र धुराच्या नळाच्या बाहेरच्या तोंडाला लावतात आणि फर्नेसचं दार उघडझाप करत आतली सगळी राख एका दमात बाहेर ओढतात. हा लोकांचा घरगुती उपाय. शेजाऱ्यांच्या वाळत घातलेल्या कपड्यांची दिशा बघून तो करावा. शेवटी धुराच्या नळाच्या तोंडाला जाळी बसवावी, नाहीतर पक्षी घरटं करतात आणि ऑक्टोबरात पहिल्या पेटवणीला धूर घरात येतो. जाळी लावल्याची चिठ्ठी फर्नेसच्या दारावर चिकटवावी, पेटवायच्या आधी ती काढायची आहे हे मोठ्या अक्षरात लिहून.

त्या शिक्षिकाबाई आता हे सगळं स्वतः करतात. मी फक्त वर्षातून एकदा जातो, मोटरना तेल घालतो, गॅस्केट बदलायचं असेल तर बदलतो आणि वही वाचतो. गेल्या मेमध्ये त्यांनी शेजारच्या नव्या जोडप्याला बोलावून ठेवलं होतं. दोघांच्या हातात ब्रश होते, आणि बाई त्यांना नळ्यांच्या मागचे कप्पे कुठे उघडतात ते दाखवत होत्या.